पगारे काकांचे लाल ठिपके

"माझ्या मुलीच्या लग्नात बदकं नव्हती."

पगारे काका माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे वाक्य. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये माझा लग्नाच्या शूटिंगचा आणि मिक्सिंगचा गाळा होता. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कॅसेट जाऊन सीडी येत होती आणि मिक्सिंगमध्ये जितका चमचमाट जास्त तितकं गिऱ्हाईक खूश. हा माणूस मात्र सीडी काउंटरवर ठेवून हातात वही घेऊन उभा होता. वहीत मिनिट-सेकंदासकट बावीस चुका लिहिलेल्या. तळ्यातली बदकं (ते राजहंस होते, पण वाद घालायची माझी छाती झाली नाही), नवरा-नवरीवर पडणारे गुलाबी बदाम, सुरुवातीलाच गणपती, आणि फुलांनी मढवलेली एक गाडी.

"गाडी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या पार्टीची आहे काका. तुमचा रिक्षाचा शॉट हलला होता, म्हणून मग ती टाकली."

"आम्ही रिक्षाने आलो ना? मग रिक्षा दाखव. आणि गणपती? आमचं लग्न बौद्ध पद्धतीने लागलं. समोर बुद्धाची मूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता. तो कुठे गेला?"

"टायटलचं टेम्प्लेट असतं काका. सगळ्यांना तेच लावतो."

"सगळ्यांना तेच लावतोस म्हणजे कुणाचंच लग्न दाखवत नाहीस. जे झालं नाही ते दाखवायचं नाही आणि जे झालं ते कापायचं नाही. बस, कर परत. मी थांबतो."

आणि ते थांबले. स्टुलावर ताठ बसून तीन तास. शेजारच्या कापड दुकानातले सिंधी अंकल दोनदा डोकावून गेले. शेवटी हलणारी रिक्षा पडद्यावर आली तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. रिक्षातली त्यांची मुलगी त्या हलत्या शॉटमध्ये खरोखर लाजत होती, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं.

काका अंबरनाथ पूर्वेला दोन खोल्यांत राहत. मोरिवलीच्या बाजूला एका कारखान्यात मालाची तपासणी करणं हे त्यांचं काम. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी कायम. टपरीवर चहा घेताना ग्लासाची उंची मोजायचे आणि टपरीवाल्याला "गेल्या महिन्यापेक्षा पाव इंच कमी" म्हणून सुनवायचे. कुणी 'खूप', 'फार', 'जवळपास' असं काही म्हणालं की त्यांचा पारा चढे. "मोजलंस का? मग बोलू नकोस. अंदाजपंचे दाहोदरसे आपल्याकडे चालत नाही." एकदा दिवाळीच्या तोंडावर त्यांनी अख्खा लॉट अडवून धरला होता. साहेब चिडले, सोबतच्या कामगारांनी शिव्या घातल्या, पण "खोट्या मालावर माझी सही नाही" म्हणत हे बसून राहिले. नंतर माल तपासला तर खरंच खोटा निघाला. त्यांचं बरोबर निघायचं, हीच तर अडचण होती.

इथेच सांगून टाकतो. मला या माणसाचा राग येतो. जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतो. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण काकांनाच ते पटलं नसतं.

तर एका रविवारी ते गाळ्यात आले आणि म्हणाले, "विलास, मला एक फिल्म करायची आहे. पंधरा-वीस मिनिटांची. दगडांची."

बदलापूरच्या पलीकडे एक टेकडी आहे. तिचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिच्या एका अंगाला कातळात कोरलेल्या तीन खोल्या होत्या, त्यांच्यापुढे बसायला कोरलेला कट्टा, आणि बाजूला पाण्याचं टाकं. टाक्याचं तोंड चौकोनी, आत गार पाणी, आणि वरच्या कातळावरून पाणी वळवून आणणारी बोटभर खोल पन्हळ. एका भिंतीवर चार-पाच अक्षरं होती, झिजलेली. टेकडीच्या दुसऱ्या अंगाला खडीची खाण होती आणि ती दर महिन्याला अलीकडे सरकत होती. काकांनी सरकारदरबारी अकरा पत्रं पाठवली होती. पोच आली, माणूस आला नाही. "कागद कुणी वाचत नाही. फिल्म बघतील. बदकं बघतात तर दगड का नाही बघणार?"

सिंधी अंकलना कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "अरे साईं, अब पत्थर की भी शादी का एल्बम बनाएगा क्या?" मीही हसलो. पण पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन गेलो. का गेलो, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. लोकांच्या लग्नात खोटे बदाम पाडून मी विटलो होतो, असं आज वाटतं.

टेकडीखाली ठाकर आदिवासींची वाडी होती, पंधरा-वीस घरांची. तिथल्या पारूबाई पहिल्याच दिवशी आमच्या मागोमाग वर आल्या. सत्तरीच्या असतील. त्यांच्या वाडीची विहीर होळीनंतर आटायची आणि मग पावसाळ्यापर्यंत सगळी वाडी त्या टाक्याच्या पाण्यावर जगायची. काकांनी पट्टी काढून टाक्याचं तोंड मोजायला घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काय मोजतंस रं? पानी काय कमी-जास्ती व्हत नाय. आमच्या आज्यापासून हाय तितकंच हाय."

"कुणी खोदलं हे, आजी?"

"आमच्यांनी. दुसरं कोन येतंय हितं?"

काकांनी हेही वहीत लिहून घेतलं. अंबरनाथच्या बुद्ध विहारातल्या मंडळींनी मात्र त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की फिल्ममध्ये ठणकावून 'प्राचीन बुद्ध लेणी' म्हणा. काकांना मनातून तेच हवं होतं. त्या कट्ट्यावर ते ज्या तऱ्हेने चपला काढून बसायचे त्यावरून मला ते कळायचं. तरी निवेदन लिहिताना त्यांनी लिहिलं, 'ही भिक्खूंची वस्ती असावी. मूर्ती वा स्तूप आढळलेला नाही. अक्षरं वाचली गेलेली नाहीत. वाडीतले लोक हे आपल्या पूर्वजांचं काम मानतात.' विहारातले दोन तरुण चिडून म्हणाले, "काका, आपलं आपण नाही म्हणायचं तर कोण म्हणणार?" काका म्हणाले, "सापडलं तर सगळ्यात आधी मी म्हणेन. आज 'असावी' एवढंच माप निघतंय."

आता ठिपक्यांची गोष्ट. काकांना प्रत्येक माप कॅमेऱ्यात दिसायला हवं होतं. इथून इथे इतके फूट, इथून तिथे इतके इंच. खडूच्या खुणा दर रविवारी पुसून गेलेल्या असायच्या. पांढरा रंग लावला तर कातळावरच्या बुरशीत आणि पाखरांच्या घाणीत तो ओळखू येईना. तेव्हा मी म्हणालो, "लाल लावा काका. लाल कॅमेऱ्यात उठून दिसतो." ही अक्कल माझी. काकांनी कारखान्याच्या नाक्यावरून लाल ऑइल पेंटचा छोटा डबा आणला आणि रुपयाएवढे एकोणीस ठिपके दिले. दोन दाराच्या कडांवर, चार टाक्याच्या तोंडाला, बाकीचे खोल्यांत. ते ठिपके देतानाचं शूटिंगही मी केलं. काका डब्यात ब्रश बुडवतात, डबा कॅमेऱ्याला दाखवतात आणि म्हणतात, "ही खूण मोजमापासाठी आहे. मूळ कामाचा भाग नाही. नोंद घ्यावी."

दीड महिना लग्नसराईत गेला. पुन्हा गेलो तेव्हा टाक्याच्या तोंडाशी फुटलेले नारळ पडले होते. एकोणीसही ठिपक्यांना हळद लागली होती आणि एका दाराशी हिरव्या बांगड्या टांगल्या होत्या. दगड लाल दिसला की हात जोडायचे, ही आपल्याकडची रीतच. काका संतापले. "एकविसावं शतक लागलं, माणसं शिकली म्हणतात! डब्यावर कंपनीचं नाव आहे रे, देवीचं नाही!" पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. खाण सरकत सरकत दीडशे पावलांवर आली होती आणि तिथेच थांबली होती. सुरुंगाची भोकं पाडणारे मजूर पुढे यायला तयार नव्हते. देवीच्या जागेवर मशीन लावणार नाही, म्हणाले. मुकादमाने दुप्पट मजुरी देऊ केली तरी नाही.

अकरा पत्रांनी जे झालं नाही ते रुपयाएवढ्या ठिपक्यांनी झालं होतं. मी परत येताना काकांना म्हणालो, "काका, आता तो डब्याचा सीन आपण काढून टाकू."

"का?"

"का म्हणजे? तो सीन दिसला तर खाण पुढे सरकेल. लेणी जाईल. टाकं जाईल."

"आणि खोट्यावर उभी राहिलेली लेणी काय कामाची? उद्या त्यावर देऊळ बांधतील, टाइल्स लावतील, अक्षरं सिमेंटखाली जातील. आपण सरकारला पुरावा देतोय. पुराव्यात खोट असली की सगळाच माल रिजेक्ट होतो. सीन राहील."

आमचं जोरात भांडण झालं. मी त्यांना हेकट म्हणालो. ते मला म्हणाले, "तू अजून बदकंच विकतोस." पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. आणि त्या पंधरा दिवसांत मी तो सीन कापला. त्यांना न सांगता. मी अभिमानाने सांगत नाही, पण लाजही वाटत नाही.

फिल्म अंबरनाथला विहाराच्या हॉलमध्ये दाखवली. पांढरी चादर, लग्नात भाड्याने देतो तो प्रोजेक्टर, दीडशे माणसं. पारूबाई वाडीतल्या पाच जणांना घेऊन एसटीने आल्या होत्या. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. सर्वांत मागे खाणीचा मुकादम उभा होता. त्याला कुणी बोलावलं, मला माहीत नाही. फिल्म संपली आणि टाळ्या पडल्या. ते टाक्यातलं पाणी, ते दार, त्या दारातून आत पडणारं ऊन, सगळं फार छान आलं होतं. मला वाटलं, सुटलो.

काका उठले. टाळ्या थांबेपर्यंत हात वर करून उभे राहिले. "जय भीम. फिल्म चांगली झाली. पण यात एक सीन कमी आहे. एक मिनिट दहा सेकंदांचा." मग माझ्याकडे न बघता त्यांनी सगळं सांगितलं. ठिपके आपण दिले, ऑइल पेंटने दिले, अमुक तारखेला दिले. ती देवी नाही. तिथे नारळ फोडू नयेत. पिशवीतून त्यांनी तो डबा काढला आणि सगळ्यांना दाखवला. डबा आणला होता त्यांनी! म्हणजे मी कापणार हे त्यांना आधीपासूनच माहीत होतं. हॉलमध्ये पुन्हा टाळ्या पडल्या, पहिल्यापेक्षा जोरात. विहारातले ते दोन तरुण तर उभे राहून वाजवत होते. सगळ्यांना वाटलं, अंधश्रद्धेवर केवढा घाव घातला. टाळ्या वाजवायला काय जातं! त्यातल्या एकाच्याही घरचं पाणी त्या टाक्यातून येत नव्हतं.

पारूबाई तेव्हाच उठल्या. वाडीची माणसं त्यांच्यामागे उठली. चहा न घेताच ती सगळी निघून गेली. म्हातारीची श्रद्धा दुखावली, असं मला वाटलं.

काकांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडून तो सीन परत घालून घेतला आणि पन्नास सीड्या काढून वाटल्या. मी कापत नव्हतो, घालत होतो, आणि दात-ओठ खात होतो. त्यातली एक मुकादमाला मिळाली. त्याने ती मजुरांच्या झोपड्यांत टीव्हीवर लावली. नंतर तिथल्याच एका मजुराने मला सांगितलं, "मुकादम बोला, देखो, बुड्ढा खुद डब्बा दिखा रहा है. कहाँ है देवी?" तिसऱ्या आठवड्यात सुरुंग लागला. सरकारी माणूस त्यानंतर पाच महिन्यांनी आला. त्याने खड्ड्याचा फोटो काढला आणि गेला.

आम्ही गेलो तेव्हा खडीच्या ढिगाऱ्यात एका दगडावर लाल ठिपका दिसत होता. काका तो हातात घेऊन उभे होते. खिशातली पट्टी त्यांनी काढली नाही. पारूबाई डोक्यावर रिकामी कळशी घेऊन वर आल्या. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. घरच्या माणसाशी बोलावं तसं साधं बोलल्या.

काका म्हणाले, "आजी, मी खोटं बोलू शकत नव्हतो. तुमची देवी मी मोडली असं वाटत असेल तर..."

"कसली देवी रं? रंग तुजा हाय ते आमाला ठावं व्हतं. तू ब्रस फिरवीत व्हतास तवा मी तितंच उभी व्हते ना? आमाला काय डोलं नाय?"

"मग ते नारळ? त्या बांगड्या?"

"बांगड्या माज्या. खानीवाल्यांना मीच सांगलं, हितं देवी आली म्हून. वाडीनं सांगलं. तेनला भ्यां वाटलं, खान थांबली." त्यांनी कळशी खाली ठेवली. "तू खरं बोललास. बरं केलंस. पन पानी गेलं."

काकांचं तोंड मी तेव्हा पाहिलं आणि नजर वळवली. शिकलेला माणूस म्हणून ज्यांना ते जागं करायला गेले होते, ती माणसं त्यांच्याआधीच जागी होती. आपल्या हातातल्या एकुलत्या एका लाकडाने ती दार अडवून बसली होती. काकांनी ते लाकूड भर सभेत काढून दाखवलं. आणि मी? मी सीन कापला, पण पारूबाईंना एका शब्दाने विचारलं नाही. त्यांनाही देवी खरी वाटत असणार, हे मीही गृहीतच धरलं होतं. मोजलं नव्हतं.

त्यानंतर काका फिल्मबद्दल कधीच बोलले नाहीत. निवृत्त झाले आणि वहीतली टाक्याची मापं घेऊन वाडीवर जाऊ लागले. खाणीतलं काम सोडलेला एक मजूर आणि वाडीतले तिघे, एवढ्यांनी टेकडीच्या मागच्या अंगाला, छिन्नी-हातोड्याने, नवं टाकं कोरायला घेतलं. तोंड तेवढंच, उतार तेवढाच, पन्हळ बोटभर खोल. जुन्या लोकांनी पाणी कसं वळवलं होतं ते काकांच्या वहीत इंचाइंचाने होतं. मी कधीकधी जायचो. कातळाला दिवसभरात चार बोटंही खळगा पडत नसे. एकदा मी म्हणालो, "काका, अंदाजे करा की, पाणी काय पट्टी लावून बघणार आहे?" ते घाम पुसत म्हणाले, "ज्यांनी पहिलं केलं त्यांनी अंदाजे केलं नव्हतं." दोन हिवाळे गेले. तिसऱ्याच्या शेवटी, टाकं कमरेइतकं खोल झालेलं असताना, सकाळी घरीच छातीत कळ येऊन काका गेले. टाकं पाण्याने भरलेलं त्यांनी पाहिलं नाही.

वाडीच्या लोकांनी पुढचं काम केलं. त्या पावसाळ्यात टाकं भरलं. ते जुन्याच्या निम्म्यानेही नाही, होळीनंतर महिनाभर कसंबसं पुरतं, आणि एका कोपऱ्यातून झिरपतं. म्हणून म्हणतो, माझा राग गेलेला नाही. एक मिनिट दहा सेकंद गप्प बसला असता हा माणूस, तर!

पुढच्या वर्षी खाण मागच्या अंगाला वळल्याची बातमी आली. त्याच आठवड्यात पारूबाई नातवाला घेऊन थेट माझ्या गाळ्यात आल्या. सिंधी अंकलनी त्यांना पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "तुज्या म्हाताऱ्याचा तो डबा कुटं हाय?"

मी अंबरनाथला जाऊन काकांच्या मुलीकडून तो आणला. तिने तो वडिलांच्या पट्टीसोबत कपाटात ठेवला होता. डब्यातल्या रंगावर जाड साय धरली होती. टाक्यापाशी बसून पारूबाईंनी काडीने ती फोडली, खालचा ओला रंग बोटावर घेतला आणि टाक्याच्या तोंडाला चार ठिपके दिले. बरोबर जिथे पहिल्या टाक्याला होते तिथेच. मग हळद लावली, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

सवयीने मी कॅमेऱ्याच्या पिशवीला हात घातला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ह्या टायमाला शूटिंग नको."

मी पिशवीची चेन लावली. टेकडीचं नाव मी का सांगत नाही, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. वाडीचंही नाव घेतलेलं नाही, आणि म्हातारीचं नाव मी बदललं आहे. काका असते तर वहीत ही तेविसावी चूक लिहून घेतली असती.